लुई की अली? वेगवेगळ्या काळातले हेवीवेट जगज्जेते समोरासमोर आले तर

१९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका बंद स्टुडिओत दोन माणसं रिंगमध्ये उतरली. एक रॉकी मार्सियानो, हेवीवेटचा (सर्वांत जड वजनगटाचा) माजी जगज्जेता. वय ४५, निवृत्त होऊन १३ वर्षं झालेली, ४९ लढती आणि ४९ विजय. या कामासाठी त्याने बरंच वजन उतरवलं होतं आणि टक्कल झाकायला विग चढवला होता. दुसरा मुहम्मद अली. वय २७, लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे जेतेपद आणि लढण्याचा परवाना दोन्ही गमावून बसलेला. कॅमेऱ्यासमोर दोघं एकेका मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या खेळले. शेवटही वेगवेगळे चित्रित झाले. एकात हा पडला, दुसऱ्यात तो. पडद्यावर कोणता दिसणार हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कल्पना मरे वोरोनर या निर्मात्याची. त्याने १९६७ मध्ये रेडिओवर १६ हेवीवेट बॉक्सरांची काल्पनिक स्पर्धा ऐकवली होती आणि निकाल एनसीआर ३१५ या संगणकाकडून काढून घेतले होते. तीत अली जिम जेफ्रिज या जुन्या काळातल्या जगज्जेत्याकडून हरला. अलीला ते इतकं लागलं की त्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. पुढे मिटवामिटवी झाली आणि त्यातूनच हा सिनेमा आला. मार्सियानोने तो पाहिलाच नाही. चित्रीकरण संपल्यावर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९६९ ला, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोला १३ व्या फेरीत अलीला नॉकआउट करताना पाहिलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला.

एकच लढत, दोन निकाल. यावर हसून मोकळं होणं सोपं आहे, पण मला त्यात या सगळ्या वादाचं मूळ दिसतं. त्या संगणकात भरलेली माहिती कुठून आली होती? बॉक्सिंगच्या जाणकारांकडून. कोणाचा ठोसा किती जड, कोणाची चामडी लवकर फाटते, कोण किती चपळ, ही मतं गोळा करून त्यांचे आकडे केले होते. मतंच आत गेली आणि मतंच बाहेर आली. तरीही हा प्रश्न फालतू आहे असं मी मानत नाही. आपण तो अर्धाच विचारतो, म्हणून उत्तर हाती लागत नाही. पूर्ण विचारला, तर बऱ्यापैकी खात्रीचं उत्तर निघतं.

पहिला अर्धवटपणा नावातच आहे. ‘अली’ म्हणजे कोणता अली? १९६६ मध्ये एका वर्षात पाच वेळा जेतेपद राखणारा, ठोसा यायच्या आधीच तिथून निघून गेलेला अली वेगळा. १९७४ मध्ये किन्शासात दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे दंडांवर झेलणारा वेगळा. आणि ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या नुसता मार खाणारा, शेवटी कोपऱ्यातल्या माणसांनीच (त्याच्याच प्रशिक्षक-मदतनिसांनी) थांबवलेला अली तर पाहवत नाही. माइक टायसनचंही तेच. जून १९८८ मध्ये त्याने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत, २० महिन्यांनी, बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत झोपवलं. वय फक्त २३, म्हणजे म्हातारपणाचा प्रश्नच नव्हता. तयारी गेली होती, कोपऱ्यात जुनी माणसं राहिली नव्हती. म्हणून जाणकार नावाबरोबर तारीख लावतात. तारखेशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

तारीख विसरल्याचा सर्वांत वाईट नमुना म्हणजे ‘मार्सियानोने जो लुईला (त्याच्या आधीच्या पिढीच्या जगज्जेत्याला) हरवलंच होतं’ हे वाक्य. हरवलं होतं, खरं आहे. २६ ऑक्टोबर १९५१ ला, आठव्या फेरीत. तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, करांच्या थकबाकीपायी निवृत्ती मोडून परतलेला. त्या रात्रीवरून १९३८ च्या, ऐन भरातल्या लुईबद्दल काहीही कळत नाही.

दुसरी चूक साखळीची. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणजे अ हा क ला हरवणार. बॉक्सिंगमध्ये ही साखळी टिकत नाही. १९५५ मध्ये आर्ची मूरने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं आणि नवव्या फेरीत स्वतः हरला. १९६२ मध्ये तोच मूर, आता चाळिशी कधीच ओलांडलेला, अलीकडून चौथ्या फेरीत हरला. ‘अलीने पाच फेऱ्या आधी संपवलं, म्हणजे अली सरस’ असा हिशेब मांडणारे आजही भेटतात. मधली सात वर्षं ते मोजत नाहीत.

पण वय बाजूला ठेवलं तरी साखळी तुटतेच, आणि ती का तुटते हे समजलं की निम्मं बॉक्सिंग समजलं. १९७१ ते १९७४ मधला त्रिकोण पाहा. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवलं. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडून हरवलं. ऑक्टोबर १९७४ मध्ये अलीने त्याच फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. या तीन लढतींत तिघांपैकी प्रत्येकाने एकाला हरवलं आणि प्रत्येक जण एकाकडून हरला. मग सर्वांत भारी कोण?

उत्तर तिघांच्या शरीरात आणि सवयींत आहे. फ्रेझियर जेमतेम ६ फुटांचा. कंबरेतून वाकत, डोकं सतत डोलवत, समोरच्याच्या जॅबखालून (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाखालून) आत शिरायचा आणि डावा हुक फेकायचा. अली उंच, हात खाली ठेवणारा, ठोसा आला की मान मागे घेणारा. मान मागे घेणं सरळ ठोशाला चालतं, बाजूने वळून येणाऱ्या हुकला चालत नाही. १५ व्या फेरीत अली पाठीवर पडला तो त्याच हुकने. आता फ्रेझियरसमोर फोरमन ठेवा. फ्रेझियर वाकून आत येतो आणि फोरमन दोन्ही तळव्यांनी त्याला ढकलून पुन्हा आपल्याला हव्या त्या अंतरावर उभा करतो. वाकलेलं डोकं खालून येणाऱ्या अपरकटच्या वाटेत आपणहून येतं. अलीविरुद्ध जी सवय फ्रेझियरची ताकद होती, तीच इथे जिवावर बेतली. आणि फोरमनसमोर अली? फोरमनला पुढे येणारा माणूस हवा होता. अली पुढे आलाच नाही. लांब हातांनी डोकं झाकून दोरांवर रेलला आणि मधूनच सरळ उजवा ठोसा थेट चेहऱ्यावर. आधीच्या तीन लढती फोरमनने दुसरी फेरी संपायच्या आत जिंकल्या होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीत दम कसा पुरवायचा, याचा सरावच राहिला नव्हता. त्या रात्री फोरमनच्या कोपऱ्यात कोण होता ठाऊक आहे? तोच आर्ची मूर.

म्हणून काल्पनिक लढतीत मी सर्वांत आधी विचारतो की याची सवय त्याच्या सवयीला कशी भिडते. कोण किती महान, हा प्रश्न नंतर येतो.

आकाराचा मुद्दा मात्र टाळता येत नाही, कारण आजच्या वाचकाचा पहिला आक्षेप तोच असतो. जुने जगज्जेते लहान होते, हे खरंच आहे. मार्सियानो ५ फूट १० इंच, साधारण ८५ किलो. आज ९०.७ किलोपर्यंत क्रूझरवेट हा वेगळा गट आहे, जो १९८० च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे मार्सियानो आणि जॅक डेम्प्सी आज हेवीवेटमध्ये उतरलेच नसते. १९३८ चा लुई साधारण ९० किलोचा, म्हणजे तोही सीमेवरच. उलट टायसन फ्युरी ६ फूट ९ इंच आणि १२० किलोच्या आसपास.

पण मोठा माणूस म्हणजे जिंकणारा माणूस, असं इतिहास सांगत नाही. १९१९ मध्ये डेम्प्सीने आपल्यापेक्षा २५ किलोंनी जड जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. १९३५ मध्ये लुईने ११८ किलोच्या प्रिमो कार्नेराला सहा फेऱ्यांत आडवा केला. यावर म्हणतात की ते मोठे पण बेंगरूळ होते. बरोबर आहे. मग आजचं घ्या. मे २०२४ मध्ये रियाधला ओलेक्झांडर उसिकने फ्युरीला हरवलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं. फ्युरी बेंगरूळ नाही, त्या आकाराचा इतका चपळ माणूस हेवीवेटने क्वचितच पाहिला असेल. दुसऱ्या लढतीत दोघांच्या वजनात तब्बल २५ किलोंचं अंतर होतं. आणि उसिकची मापं बघा. उंची ६ फूट ३ इंच, हाताचा पल्ला १९८ सेंटिमीटर. अलीची उंचीही तेवढीच, पल्लाही तेवढाच. आजच्या राक्षसांपुढे अलीच्या आकाराचा माणूस टिकेल का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या डोळ्यांसमोर दोनदा मिळालं आहे.

याचा अर्थ आकार गौण असा मी घेत नाही. लेनॉक्स लुईस (जो लुई वेगळा) आणि व्लादिमिर क्लिट्श्को या दोन धिप्पाड जगज्जेत्यांना इमॅन्युएल स्ट्युअर्ड या एकाच प्रशिक्षकाने घडवलं, आणि उंच माणसाने उंचीचा वापर कसा करावा याचा धडा दोघांनी गिरवला. लांब जॅबने समोरच्याला टोकाशी धरायचं, तो आत घुसलाच तर मिठी मारून आपलं वजन त्याच्या मानेवर टाकायचं. १०८ किलोचं ओझं बारा फेऱ्या मानेवर घेऊन बघा, पाय शिशाचे होतात. लुईसचा पल्ला २१३ सेंटिमीटर, मार्सियानोचा १७३. मार्सियानोवर माझं फार प्रेम आहे. हरायला आलेली लढत एका ठोशाने फिरवणारा त्याच्यासारखा दुसरा नाही. पण त्या ४० सेंटिमीटरमधून तो लुईसपर्यंत पोचेल असं मला वाटत नाही.

आता नियम. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि फरक सर्वांत जास्त पडतो. डेम्प्सीने विलार्डला सात वेळा पाडलं तेव्हा पडलेला माणूस उठायला लागला की तिथेच उभं राहून त्याला पुन्हा मारता येत होतं. पुढे नियम आला की पाडणाऱ्याने आधी लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी सुरू. सप्टेंबर १९२७ मध्ये शिकागोला सातव्या फेरीत डेम्प्सीने जीन टनीला पाडलं आणि जुन्या सवयीने तिथेच उभा राहिला. रेफरीने त्याला कोपऱ्यात पिटाळेपर्यंत मोजणी थांबली. टनीला दहापेक्षा बरेच जास्त सेकंद मिळाले, तो उठला आणि लढत जिंकला. तेव्हा डेम्प्सीला काल्पनिक रिंगमध्ये उतरवताना १९१९ च्या नियमांनी की १९२७ च्या, हे ठरवावंच लागतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फेऱ्यांची संख्या. जेतेपदाची लढत पूर्वी १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मान्सिनीविरुद्धच्या लढतीत दक्षिण कोरियाचा किम डुक-कू १४ व्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर जागतिक संघटनांनी एकामागोमाग १२ फेऱ्या केल्या. चांगलंच केलं. पण हा बदल मागे नेऊन पाहा. सप्टेंबर १९५२ मध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध बारा फेऱ्या झाल्या तेव्हा मार्सियानो तिन्ही पंचांच्या गुणांच्या कागदावर मागे होता. १३ व्या फेरीत त्याचा उजवा ठोसा बसला, वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला आणि तो हळूहळू गुडघ्यावर घसरला. जून १९४१ मध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर लुईपेक्षा दोन कागदांवर पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरीत. लुईने त्यालाही १३ व्या फेरीतच संपवलं, फेरीचे दोन सेकंद उरले असताना. दोन्ही लढती १२ फेऱ्यांच्या असत्या आणि तशाच खेळल्या गेल्या असत्या, तर मार्सियानोची ४९-० ही अमर नोंद नसती आणि लुईची २५ वेळा जेतेपद राखण्याची मालिका मध्येच तुटली असती. अर्थात १२ फेऱ्या आहेत हे माहीत असतं तर चौघंही वेगळे खेळले असते. म्हणूनच नियम आधी ठरवायचे.

जुन्या फिती पाहणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६-१८ चित्रं. तीच फीत पुढे २४ च्या वेगाने चालवली की माणसं टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात. त्यावरून जॅक जॉन्सन अडाणी लढायचा असं ठरवू नका. वेग नीट केलेली फीत मिळवून बघा. समोरच्याचा ठोसा हवेतच झेलणारे त्याचे हात पाहून थक्क व्हाल.

आणि प्रत्येक काळात कोणाला रिंगबाहेर ठेवलं होतं, हेही हिशेबात धरा. १९१५ मध्ये जॉन्सन, पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, हरला. त्यानंतर १९३७ मध्ये लुईला संधी मिळेपर्यंत, पूर्ण २२ वर्षं, एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट जेतेपदासाठी लढू दिलं नाही. डेम्प्सी हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराशी कधीच लढला नाही. १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला क्युबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन व्यावसायिक झालाच नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर दारं उघडली आणि क्लिट्श्को बंधू, मग उसिक आले.

काळांमधलं अंतर खरोखर किती, याचा एकच सच्चा पुरावा आपल्याकडे आहे, तो म्हणजे दोन काळांत लढलेली माणसं. फोरमन दहा वर्षांनी रिंगमध्ये परतला. १९९१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, २८ वर्षांच्या अपराजित इव्हँडर होलीफील्डसमोर पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. नोव्हेंबर १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या मायकेल मूररला गाठलं. अंगावर तीच लाल चड्डी, जी किन्शासात अलीकडून हरताना होती. नऊ फेऱ्या तो मागे होता. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा ठोसा हनुवटीवर लागला आणि मूरर उताणा पडला. १९७० च्या दशकातला माणूस उतारवयात १९९० च्या दशकात जगज्जेता होतो, तेव्हा ‘जुने बॉक्सर आज टिकलेच नसते’ हे बोलताना थोडं थांबावं.

आता एक लढत लावूनच दाखवतो. २२ जून १९३८ चा जो लुई, ज्या रात्री त्याने मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. समोर नोव्हेंबर १९६६ चा अली. दोघांचं वय नेमकं २४. लुई ६ फूट २ इंच, अली एका इंचाने उंच आणि साधारण सहा किलोंनी जड. फरक इतका कमी की आकाराचा वाद आपोआप मिटतो. १५ फेऱ्या, १९६० च्या दशकातले नियम.

लुईचा ठोसा फार थोडं अंतर कापायचा. हात मागे न खेचता, पाय घट्ट रोवून, आठ-दहा इंचांतून तो असा ठोसा काढायचा की समोरच्याचे गुडघे वाकायचे. आणि एक लागला की चार-पाच लागायचे. जखमी झालेल्याला सोडायचं नाही, यात त्याची बरोबरी कोणी केलेली नाही. पण तो पाय घासत, इंच इंच पुढे सरकायचा. पळणारा माणूस त्याला त्रास द्यायचा. कॉनने दिला, १९४७ मध्ये वॉलकॉटने दिला. कॉन तर ८० किलोंच्याही आतला, त्याच्या ठोशात लुईला थांबवण्याइतका जोर नव्हता. अली त्याच्यापेक्षा १७-१८ किलोंनी जड आणि पायाने त्याच्याइतकाच हलका.

पहिल्या पाच फेऱ्या मी डोळे झाकून अलीला देतो. लुई जॅब टाकेल तेव्हा अली तिथे नसेल, आणि परतीचा जॅब लुईच्या डाव्या डोळ्यावर बसेल. पण हात खाली आणि मान मागे, ही अलीची सवय १९६६ मध्येही होती. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरच्या डाव्या हुकने त्याला पाडलं होतं, आणि कूपर म्हणजे लुई नव्हे. सातव्या-आठव्या फेरीत कधीतरी लुई दोन जॅब देऊन तिसऱ्याच्या जागी हुक टाकेल. अली पडेल, असं मला खरंच वाटतं. १९६७ मध्ये लुईने स्वतः लिहिलं होतं की याला दोरांवर गाठलं की काम झालं. इथे सगळं एका गोष्टीवर येऊन ठरतं. पडून उठलेला अली पुढचा दीड मिनिट काढू शकतो का? फ्रेझियरच्या हुकने पडून तो चार मोजायच्या आत उभा होता. मानेमागे हात टाकून बिलगायची त्याची खोड रेफरी चालवून घेत. तो ती फेरी काढेल. दहाव्या फेरीपासून पुन्हा पाय चालू लागतील, आणि कॉनने केलेली चूक, जिंकत असताना उभं राहून ठोशाला ठोसा द्यायची, अली करणार नाही. निकाल गुणांवर, अलीच्या बाजूने, नऊ-सहा फेऱ्यांच्या आसपास.

पण लुई श्मेलिंगकडून १९३६ मध्ये हरला आणि दोन वर्षांनी त्याला दोन मिनिटांत संपवलं. वॉलकॉटला दुसऱ्या लढतीत ११ व्या फेरीत झोपवलं, कॉनला आठव्या. एकदा पाहिलेला माणूस त्याला दुसऱ्यांदा फसवू शकला नाही. तेव्हा या दोघांची परतीची लढत लावली, तर माझे पैसे लुईवर.